लिहायची जागा, चालवायची जागा

नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी कोल्हार भगवतीपूर आहे. भगवतीच्या दर्शनाला येणारे, शिर्डीकडे निघालेले, लोणीच्या महाविद्यालयांत शिकणारे आणि ऊस-दुधाच्या हिशोबासाठी संस्थेत खेपा घालणारे, अशा सगळ्यांची इथे वर्दळ असते. अशा मोठ्या गावात सेवा केंद्र असते, झेरॉक्सचे दुकान असते, पतसंस्था आणि दूध संस्था असते. प्रत्येक ठिकाणी सकाळी चालू झालेला संगणक रात्रीच बंद होतो. उत्पन्नाचा दाखला, सात-बारा, पीकविमा, कॉलेजचा प्रवेश, वीजबिल अशी सगळी कामे त्याच एका यंत्रावर आणि बहुतेक वेळा एकाच लॉगिनने होतात.

अशा संगणकाचे ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडले की गावाचा दप्तरखानाच दिसतो. आधारच्या पीडीएफ, पासबुकांचे फोटो, जातीचे दाखले, पोरांच्या गुणपत्रिका. आणि त्यांच्याच शेजारी, त्याच यादीत, चालणारे प्रोग्राम पडलेले असतात: अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचा सेटअप, दुरून संगणक दुरुस्त करणाऱ्याने टाकायला लावलेले एनीडेस्क, मराठी टायपिंगची दोन-तीन साधने, आणि कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेला एखादा ‘क्रॅक’. ज्या जागी कोणीही काहीही ठेवू शकतो, तिथूनच प्रोग्राम चालवले जातात. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनीही हीच सवय पाडली आहे. तिचे धोके कोणते, ती पडली कशी, आणि कोल्हारसारख्या गावातल्या टेबलावर ती कशी आवरता येईल, हे या लेखात तपासायचे आहे.

आधी जागांची ओळख करून घेऊ. विंडोजमध्ये प्रोग्रामसाठी ‘प्रोग्राम फाइल्स’ नावाचे फोल्डर असते आणि खुद्द विंडोजचे वेगळे. या दोन्हींत काही लिहायचे तर ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. वापरकर्त्याच्या नावाचे फोल्डर मात्र त्याचे स्वतःचे असते. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि एरवी न दिसणारे ‘ॲपडेटा’ येते; टेम्प फोल्डरही त्यातच असते. इथे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे इथून प्रोग्राम चालवायलाही लागत नाही. लिहिणे आणि चालवणे या दोन्ही मुभा एकाच जागी मिळतात, आणि सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी सगळेच ॲडमिनिस्ट्रेटर होते, म्हणून ही भिंत नावालाच होती. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने ती पहिल्यांदा खरी केली. कुठलाही सेटअप प्रोग्राम फाइल्समध्ये शिरू लागला की पडदा काळवंडायचा आणि परवानगी विचारली जायची. लोक त्या प्रश्नाला वैतागले, कंपन्या त्याहून जास्त. मग कंपन्यांनी परवानगी लागणारच नाही अशी जागा शोधली, आणि ती वापरकर्त्याच्या फोल्डरात होती. खुद्द मायक्रोसॉफ्टचे ‘क्लिकवन्स’ हे तंत्र २००५ पासून तिथेच प्रोग्राम उतरवत होते. सप्टेंबर २००८ मध्ये गूगल क्रोम आले तेही तिथेच बसले. पुढे स्लॅक, डिस्कॉर्ड, झूम आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स यांनी तीच वाट धरली. गेल्या काही वर्षांत क्रोम आणि टीम्स प्रोग्राम फाइल्सकडे वळले, पण तोवर सवय सगळ्यांची झाली होती.

क्रोमने हे केले त्यामागे चांगले कारण होते, आणि ते मान्य केल्याशिवाय हा आढावा न्याय्य होणार नाही. ब्राउझर जुना राहणे हाच त्या काळातला मोठा धोका होता. ॲडमिनिस्ट्रेटरला विचारत बसले तर ऑफिसातला, कॉलेजच्या लॅबमधला, सायबर कॅफेतला ब्राउझर महिनोन् महिने जुनाच राहतो. वापरकर्त्याच्या फोल्डरात बसलेला प्रोग्राम स्वतःला न विचारता बदलू शकतो. गूगलचे थॉमस ड्यूबेनडॉर्फर आणि झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाचे स्टेफान फ्राय यांनी २००९ मध्ये याचे मोजमाप केले. क्रोमच्या ९७ टक्के वापरकर्त्यांकडे नवी आवृत्ती २१ दिवसांत पोचलेली होती. ऑपेराच्या बाबतीत तोच आकडा २४ टक्के निघाला. गुपचूप होणाऱ्या अपडेटने लाखो संगणक वाचवले, यात शंका नाही. लोणीच्या एखाद्या विद्यार्थ्याला लॅबच्या संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड नसताना पायथन किंवा व्हीएस कोड टाकता येते, तेही याच मोकळिकीमुळे. शिकणाऱ्या मुलाच्या हातातली ही मोकळीक काढून घ्यावी, असे मी कधीच म्हणणार नाही.

परंतु जी वाट क्रोमला मोकळी झाली, ती चोरालाही मोकळीच होती. सप्टेंबर २०१३ मध्ये क्रिप्टोलॉकर हे रॅन्समवेअर, म्हणजे कागदपत्रे अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम, आले. ईमेलला जोडलेली झिप, आत पीडीएफचे चित्र पांघरलेली एक्झी, म्हणजे चालणारी, फाइल. तिच्यावर क्लिक केले की ती ॲपडेटामध्ये वाटेल त्या नावाने स्वतःची प्रत ठेवी, संगणक सुरू होताना आपण चालावे अशी नोंद वापरकर्त्याच्याच रजिस्ट्रीत करून ठेवी आणि मग कागदपत्रे कुलूपबंद करत सुटे. या सगळ्यात कुठेही ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागला नाही. जी कागदपत्रे बंद करायची ती वापरकर्त्याचीच होती, आणि प्रोग्राम वापरकर्त्याच्याच नावाने चालत होता. व्हिस्टाने बांधलेल्या भिंतीला धक्काही लागला नाही.

या जागी थोडे थांबायला हवे, कारण सुरक्षेच्या सल्ल्यांत नेमके हेच निसटते. ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करू नका’ हा सल्ला चाळीस माणसे एक संगणक वापरतात अशा काळातून आला. तिथे एकाच्या चुकीने बाकीच्यांचे नुकसान होऊ नये, हे महत्त्वाचे होते. कोल्हारच्या सेवा केंद्रात एका संगणकावर एकच लॉगिन असते, आणि जे काही मोलाचे आहे ते सगळे त्या लॉगिनच्या फोल्डरात असते. विंडोज बिघडले तर तालुक्याचा मेकॅनिक दुपारपर्यंत नवे टाकून देतो. शंभर शेतकऱ्यांची स्कॅन केलेली कागदपत्रे गेली तर ती पुन्हा गोळा करायला हंगाम जातो, आणि ती चोरीला गेली तर परत आणताच येत नाहीत. ही म्हणजे वखारीला कुलूप लावून दागिने ओसरीवर ठेवण्याची गत झाली.

क्रिप्टोलॉकरनंतर अशा टोळ्यांची रांग लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेले लॉकी वर्डच्या फाइलमधल्या मॅक्रोतून शिरे आणि टेम्प फोल्डरात प्रोग्राम उतरवून तिथून चालवी. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत मंत्रालयातल्या सुमारे दीडशे संगणकांना त्याने गाठले. राज्याच्या कारभाराचे मुख्यालय एका टेम्प फोल्डरच्या वाटेने अडकले, हे महाराष्ट्राला तेव्हाच धडा म्हणून पुरायला हवे होते.

उपाय तेव्हाही माहीत होता. ॲपडेटा आणि टेम्पमधून एक्झी चालू द्यायची नाही, एवढा नियम लावला की या जमातीतले बहुतेक जागच्या जागी थांबतात. विंडोज ७ पासूनच्या ॲपलॉकरचे मूळ नियम हेच सांगतात: साध्या वापरकर्त्याने प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज या दोन फोल्डरांतलेच चालवावे, बाकी नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ‘इसेन्शियल एट’ नावाने आठ मूलभूत उपाय ठरवले. त्यांच्या अगदी पहिल्या पायरीवरही वापरकर्त्याच्या फोल्डरांत आणि टेम्पमध्ये प्रोग्राम चालण्यावर नियंत्रण मागितले आहे. प्रगत संस्थांसाठी राखून ठेवलेला हा उपाय नव्हे, सुरुवात इथूनच करायची असते.

मग तो सगळीकडे का लागला नाही? कारण नियम लावला त्या सकाळी क्रोम उघडेना, झूम उघडेना, टीम्स उघडेना. ज्या नामांकित प्रोग्रामवर ऑफिस चालते, तेच चोराच्या शेजारी राहत होते. संगणक सांभाळणाऱ्यांनी मग अपवाद काढले: अमुक फोल्डरातले चालू दे. हा अपवाद बहुतेक वेळा फोल्डरच्या पत्त्यावर बेतलेला असतो, आणि त्या फोल्डरात वापरकर्ता लिहू शकतो. वापरकर्ता लिहू शकतो म्हणजे त्याच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्राम लिहू शकतो. सूट मिळालेल्या पत्त्यावर जाऊन बसले की झाले. कंपन्यांनी आपली सोय पाहिली आणि त्या सोयीची किंमत नियम लावू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या माथी मारली, असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या पंधरा वर्षांतले हे ओझे सगळ्यात जास्त त्यांनी वाहिले, ज्यांच्याकडे संगणक सांभाळायला वेगळा माणूस ठेवायची ऐपत नव्हती.

पत्त्याऐवजी सही पाहावी, हा पुढचा उपाय. प्रोग्रामवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. ती खरी असेल तरच चालू द्यायचे. हा नियम पत्त्यापेक्षा कितीतरी बरा आहे, पण पुरा पडत नाही. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की टीम्सबरोबर वापरकर्त्याच्या फोल्डरात येणारा, मायक्रोसॉफ्टची अस्सल सही असलेला अपडेट प्रोग्राम दुसऱ्याच कुणाची फाइल आणून चालवायला वापरता येतो. दुसरी अडचण याहून जुनी आहे. एक्झी फाइल एकटी चालत नाही, ती मदतीला डीएलएल फाइली बोलावते. त्यातल्या कित्येक ती आधी आपल्याच फोल्डरात शोधते, मग विंडोजच्या फोल्डरात. एक्झी अस्सल सहीची असली तरी तिच्या शेजारी त्याच नावाची खोटी डीएलएल ठेवली असेल, तर अस्सल प्रोग्राम खोट्या मदतनिसाला स्वतःच आत घेतो.

डाउनलोड्स फोल्डर या युक्तीला फार सोयीचे पडते. २००८ मध्ये विंडोजवरचा सफारी ब्राउझर न विचारता फाइली डेस्कटॉपवर उतरवत असे. तिथे पडलेली डीएलएल दुसरा प्रोग्राम उचलू शकतो हे लक्षात आल्यावर मायक्रोसॉफ्टला सावधगिरीची सूचना काढावी लागली. ऑगस्ट २०१० मध्ये याच प्रकाराबद्दल पुन्हा सूचना निघाली, तेव्हा कितीतरी नावाजलेले प्रोग्राम या दोषात सापडले. आजही अनेक सेटअप डाउनलोड्समधून चालवले की आधी शेजाऱ्यांकडेच पाहतात. म्हणून एक छोटी सवय सांगण्यासारखी आहे: अंगठ्याच्या यंत्राचा किंवा सहीचा सेटअप उतरवला की एक नवे, रिकामे फोल्डर करावे, सेटअप तिथे न्यावा आणि मगच चालवावा. यासाठी एक पैसा लागत नाही.

खेड्यातली वाट मात्र इंटरनेटपेक्षा पेनड्राइव्हवरून जास्त जाते. ज्याने कधी सायबर कॅफे किंवा झेरॉक्सचे दुकान चालवले आहे, त्याला ‘शॉर्टकट व्हायरस’ सांगावा लागत नाही. पेनड्राइव्हमधली फोल्डरे लपतात, त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट येतात, आणि क्लिक केले की फोल्डर तर उघडतेच, पण सोबत एक स्क्रिप्ट ॲपडेटा किंवा टेम्पमध्ये जाऊन बसते. मग त्या संगणकाला लागणारा प्रत्येक पेनड्राइव्ह बाधतो. लग्नपत्रिका छापायला आलेला, प्रोजेक्टची प्रिंट काढायला आलेला, ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आलेला, सगळे ते घेऊन जातात. यात ध्यानात ठेवण्याजोगी एक बारीक गोष्ट आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण करते, आणि ती फाइल चालवताना त्या खुणेमुळेच इशारा येतो. ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. साधे पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ किंवा एक्सफॅट असतात. एकाने उतरवून पेनड्राइव्हवर दिलेला सेटअप दुसऱ्याच्या संगणकावर येतो तो खूण पुसूनच. झिप सोडवणाऱ्या सेव्हन-झिपनेही ही खूण आतल्या फाइलींवर पुढे न्यायची सोय २०२२ मध्येच दिली, आणि तीही आपणहून चालू करावी लागते.

अँटिव्हायरसवर लोकांचा विश्वास आहे आणि महाराष्ट्रात त्याला आपुलकीचे कारणही आहे. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात कॅल्क्युलेटर-संगणक दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हील उभे केले. १९९५ मध्ये त्यांचा डॉससाठीचा अँटिव्हायरस आला. या साधनांनी खूप राखण केली आहे. तरीही ओळखीचा चोर पकडणे आणि अनोळखी माणसाला दारातच थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत. आजचे माहिती चोरणारे प्रोग्राम रोज रूप पालटतात. रेडलाइन आणि लुमा ही त्यातली गाजलेली नावे. पहिल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि दुसऱ्यावर मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कारवाई झाली. टेम्पमधून काही मिनिटे चालायचे, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलायच्या आणि निघून जायचे, असे हे काम. ब्राउझरचे पासवर्ड वापरकर्त्याच्या खात्यालाच उघडता येत, त्यामुळे त्या खात्याने चालणाऱ्या चोरालाही उघडत. जुलै २०२४ मधल्या क्रोम १२७ ने यावर, आधी कुकीजपुरता, नवा पहारा बसवला: किल्ली मागणारा खरोखर क्रोमच आहे का, हे संगणकाच्या पातळीवरची एक सेवा तपासते. वापरकर्त्याच्या फोल्डरात जन्मलेल्या ब्राउझरला सोळा वर्षांनी गुपिते राखायला त्या फोल्डराबाहेरची मदत घ्यावी लागली, ही या प्रश्नाची सर्वांत बोलकी साक्ष मला वाटते.

डिजिटल सहीचेही असेच आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सात-बारा मिळू लागला आणि कारभाराचा फार मोठा जाच कमी झाला. सहीची किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि ती बाहेर काढता येत नाही. ही मजबूत व्यवस्था आहे. पण टोकन लावलेले आहे आणि पिन टाकलेला आहे, अशा वेळी त्याच लॉगिनने चालणारा दुसरा प्रोग्रामही टोकनकडे सही मागू शकतो. टोकन चोरीला जाण्याची भीती सगळ्यांना असते; टोकन यंत्रात अडकवून चहाला जाण्याची भीती तेवढीच हवी.

बँकांच्या जगात हा प्रश्न नियमांच्या भाषेत मांडला गेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २ जून २०१६ च्या परिपत्रकात बँकांसाठीच्या किमान उपायांत अनधिकृत सॉफ्टवेअर चालू न देणे आणि मंजूर प्रोग्रामची यादी करून तेवढेच चालवण्याचा विचार करणे, हे स्पष्ट लिहिले आहे. २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने एटीएमसाठी यूएसबी बंद करणे, ऑटोरन बंद करणे आणि मंजूर यादीबाहेरचे काही न चालवणे यांना तारखा लावून दिल्या. यादीच्या अटीला मार्च २०१९ ची मुदत होती. मुदत संपायच्या आधीच, ११ ऑगस्ट २०१८ रोजी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. बँकेचा खरा एटीएम स्विच बाजूला सारून खोट्या यंत्रणेने व्यवहार मंजूर केले, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला बँकांमधल्या ‘स्विफ्ट’ या संदेशयंत्रणेतून हाँगकाँगला रक्कम गेली, आणि एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. हा हल्ला बँकेच्या मध्यवर्ती यंत्रणेवर होता, एखाद्या डाउनलोड्स फोल्डरावर नव्हता. पण मंजूर नसलेला प्रोग्राम मंजुऱ्या देऊ लागला की काय होते, ते त्याने दाखवले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला नागरी सहकारी बँकांसाठी वेगळी चौकट आली. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा सुमारे तीनशे छोट्या बँकांचे ऑनलाइन व्यवहार काही काळ तोडावे लागले. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या या चौकटींत येत नाहीत. त्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालतात. ज्या संस्थांत गावाचे पैसे आहेत, त्यांच्यापाशी नियमांचा हा हात पोचलेला नाही.

आणि इथे मला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते ती येते. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायटी यांचे हिशोबाचे प्रोग्राम बहुधा जिल्ह्यातल्याच कुणीतरी लिहिलेले असतात. ते कामाचे असतात, मराठीत असतात, आणि लिहिणारा फोनवर येतो; मोठ्या कंपनीकडून हे मिळत नाही. पण हे प्रोग्राम अनेक ठिकाणी डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरात ठेवलेले असतात. त्याच फोल्डरात एक्झी, त्यातच डेटा, त्यातच बॅकअप. ऑफिसातले तीन-चार संगणक ते फोल्डर नेटवर्कवर शेअर करून तिथूनच प्रोग्राम उघडतात, आणि ‘अडचण नको’ म्हणून सगळ्यांना सगळी मुभा दिलेली असते. डी ड्राइव्हला प्रोग्राम फाइल्ससारखी भिंत मुळातच नसते. दूध मोजणीच्या खिडकीवरचा एक संगणक पेनड्राइव्हने बाधला, तर तो शेअर केलेली एक्झीच बदलू शकतो, आणि दुसऱ्या सकाळी मॅनेजरच्या संगणकावर तोच बदललेला प्रोग्राम पूर्ण विश्वासाने उघडतो. रॅन्समवेअर आले तर डेटा आणि बॅकअप एकाच वेळी जातात. दहा दिवसांच्या पगारावर ज्यांचे घर चालते, अशा दूध उत्पादकांचा हिशोब इतक्या उघड्यावर ठेवणे चूक आहे.

उलट बाजूही नोंदवतो. प्रोग्राम योग्य फोल्डरात बसला म्हणजे सगळे सुखरूप, असे नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला आणि न्हाव्याशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मेर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प केले. ते युक्रेनमधल्या एका करभरणीच्या प्रोग्रामच्या अधिकृत अपडेटमधून आले होते. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा, त्याचेच घर फुटले तर फोल्डरची भिंत काय करणार? तरी अशा हल्ल्यांना मोठी तयारी लागते. टेम्पमधून चालणाऱ्या चोराला काहीच लागत नाही. आधी रोजचा चोर अडवावा.

गावात संगणकापेक्षा फोन कितीतरी जास्त आहेत, आणि तिथे हाच प्रश्न एपीके, म्हणजे अँड्रॉइडचे ॲप बसवणाऱ्या, फाइलच्या रूपाने आला. पीएम किसानच्या नावाने, आरटीओच्या चलानाच्या नावाने, लग्नाच्या निमंत्रणाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फिरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने लग्नाचे आमंत्रण समजून अशी फाइल उघडली आणि त्याच्या खात्यातून सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. व्हॉट्सॲपने आलेली फाइल फोटोंच्या, गाण्यांच्या, पीडीएफच्या रांगेत बसते. ती चालणारी वस्तू आहे हे तिच्या रूपावरून कळत नाही. संगणकावरही हे घडले आहे: एप्रिल २०२५ मध्ये विंडोजवरच्या व्हॉट्सॲपमधला दोष जाहीर झाला, ज्यात फाइल एका प्रकारची दिसे आणि उघडताना दुसऱ्याच प्रकारची म्हणून चाले. सेवा केंद्रात दिवसभर व्हॉट्सॲपवरूनच कागद येतात, म्हणून ते अद्ययावत ठेवणे हा रोजच्या कामाचाच भाग मानावा.

फोनच्या जगाने मात्र संगणकापेक्षा धीटपणे पावले टाकली, हे सांगायला आनंद वाटतो. अँड्रॉइड ८ पासून ‘अनोळखी ॲप टाकू द्यावे का’ ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. व्हॉट्सॲपला ती कधीच देऊ नये. २०१९ च्या अँड्रॉइड १० ने नव्या ॲपना आपल्याच लिहिण्याच्या फोल्डरातून प्रोग्राम चालवायला मनाई केली. फोनवर लिनक्सची साधने देणाऱ्या टर्मक्सला त्याचा मोठा फटका बसला आणि शिकणाऱ्या मुलांची एक आवडती वाट अरुंद झाली, हेही खरे. २०२३ च्या अँड्रॉइड १४ ने आणखी पुढे जाऊन सांगितले की नव्या ॲपने चालताना बाहेरून आणलेला कोड आधी ‘फक्त वाचता येईल’ असा करावा, मगच तो चालेल. लिहिता येते तोवर चालणार नाही, चालणार असेल तर लिहिता येणार नाही: हे तत्त्व संगणकाच्या मेमरीत वीस वर्षांपासून पाळले जाते, फोल्डरांना ते आता लागू होते आहे.

लिनक्सवर पूर्ण होम फोल्डरच ‘इथून काही चालू नये’ अशा खुणेने जोडता येते. स्क्रिप्ट मात्र दुभाष्याला (इंटरप्रिटरला) हाताशी धरून चालवता येते, त्यामुळे ती खूण अर्धीच राखण करते. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांची जोखीमही तिथेच आहे. पायथनची पॅकेजे, नोडची मॉड्यूल्स, व्हीएस कोडची एक्स्टेन्शने हे सगळे चालणारे कोड आहेत आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोल्डरात उतरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नोडची मॉड्यूल्स जिथून येतात त्या एनपीएमवर ‘शाई-हुलुद’ नावाचा किडा पसरला; तो पॅकेज बसवतानाच चालत असे, पॅकेज लिहिणाऱ्याच्या संगणकावरच्या किल्ल्या चोरत असे आणि त्या वापरून त्याच्या इतर पॅकेजांत शिरत असे. इथे बंदी हा उपाय नाही. शिकण्याचे यंत्र आणि बँकेचे यंत्र एक नसावे, एवढे पाळता येते.

आता करायचे काय, ते कोणी, हे सांगायला हवे. सेवा केंद्र चालवणाऱ्याकडे बहुधा विंडोजची होम आवृत्ती असते. तिच्यात ॲपलॉकरचे नियम लावायचे सोपे साधन नाही. विंडोज ११ मधले ‘स्मार्ट ॲप कंट्रोल’ होममध्येही मिळते आणि अनोळखी, बिनसहीचे प्रोग्राम थांबवते. पण त्यात एखाद्याच प्रोग्रामला सूट देता येत नाही, म्हणून स्थानिक बिनसहीचा हिशोबाचा प्रोग्राम तिथे अडतो. केंद्र चालवणाऱ्याला आज करता येईल ते असे: दोन खाती करावीत, रोजचे काम साध्या खात्यावर करावे, ब्राउझर सगळ्या खात्यांसाठी म्हणून प्रोग्राम फाइल्समध्ये बसवावा, पासवर्ड ब्राउझरात साठवू नयेत, लोकांचे कागद काम झाले की पुसावेत, एनीडेस्क काम संपले की काढून टाकावे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कवरून होणाऱ्या फसवणुकीचा इशारा दिला होता. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुन्या यंत्राचाही विचार करावा लागेल. आणि पैसे गेलेच, तर पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकाला फोन करावा.

तरीही सगळा भार त्या एका माणसावर टाकणे अन्यायाचे आहे. दाखल्यामागे थोडेसे पैसे मिळवणाऱ्याने सुरक्षातज्ज्ञ व्हावे अशी अपेक्षा कोणी धरू नये. सरकारी पोर्टलसाठी जे ड्रायव्हर, जे सहीचे साधन लागते, ते बनवणाऱ्यांनी ते प्रोग्राम फाइल्समध्ये बसेल, सहीचे असेल आणि शेजारच्या डीएलएल उचलणार नाही, असे द्यावे. तशी अट निविदेतच असावी. सहीचे साधन कुठून उतरवायचे, हे पोर्टलवर एकाच जागी लिहिलेले असावे, म्हणजे पेनड्राइव्हवर सेटअप फिरणार नाहीत.

संस्थांच्या बाबतीत काम याहून सोपे आहे. हिशोबाच्या प्रोग्रामचे फोल्डर वेगळे करायचे, त्यात ऑपरेटरला फक्त वाचायची मुभा ठेवायची. डेटाचे फोल्डर वेगळे, त्यातून काही चालू द्यायचे नाही. बॅकअप तिसऱ्या जागी, संगणकाला कायम न जोडलेल्या डिस्कवर. जुन्या प्रोग्रामात एक्झीशेजारीच डेटा शोधण्याची ओळ असते, ती बदलावी लागेल. लिहिणाऱ्यासाठी हे फार मोठे काम नाही, पण फुकटातलेही नाही. कोड साइनिंगच्या प्रमाणपत्राला दरवर्षी पैसे पडतात, आणि ते एकट्या प्रोग्रामरच्या खिशातून जाऊ नयेत. एकच प्रोग्राम वापरणाऱ्या दहा-वीस संस्था मिळून ते देऊ शकतात. मार्चअखेरचे लेखापरीक्षण झाले की बहुतेक संस्था प्रोग्रामच्या वार्षिक देखभालीचा करार नव्याने करतात. त्या करारात ही तीन फोल्डरे, सहीचा खर्च आणि ते पूर्ण करून देण्याची तारीख संचालकांनी लिहून घ्यावी.